हरताळ जरा जपून

पोथ्या हाताने उतरवल्या जात तेव्हा लहियाच्या हातून चूक झाली, की तो त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा आणि बरोबर अक्षर वर किंवा समासात लिहायचा. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. पण तो हरताळ प्रामाणिक होता. इथे काहीतरी बदललं आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळायचं, आणि कधीकधी खालचं जुनं अक्षरही दिसायचं. मोबाइलमधलं स्कॅनचं ॲप एका स्पर्शात पान पांढरंशुभ्र करतं. त्या पांढरेपणात हरताळ जातो, फिकट झालेली तांबडी शाई जाते, समासातली बारीक टीप जाते, आणि काय गेलं याचा मागमूसही राहत नाही.

हे आठवायचं कारण रिद्धपूर. मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभावांची काशी, गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसांना विचारून विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं, ते इथेच, तेराव्या शतकात. आता मराठी भाषा विद्यापीठही इथे आलं आहे. त्याचा कायदा २०२३ साली झाला. विद्यापीठ आलं की पोरं येणार, पोरांच्या हातात फोन असणार, आणि आसपासच्या मठांतल्या, घरांतल्या पोथ्यांचे फोटो निघणार. निघालेच पाहिजेत. कसर आणि ओल कोणाची वाट पाहत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या पोरांना फोटो सुधारण्याचे पहिले धडे कोणीतरी नीट द्यावेत.

आपल्याकडे हे धडे उलट्या टोकापासून सुरू होतात. पहिल्याच दिवशी फिल्टर, चेहरा गोरा करणं, मागचं दृश्य बदलणं. लग्नाच्या बायोडेटापुरतं ते चालत असेल (मला तेही चालत नाही, सावळी मुलगी सावळीच छान दिसते). कागदाला ते मुळीच चालत नाही.

मी शिकवायला बसलो तर पहिला धडा देईन तो काहीच न करण्याचा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. जे करायचं ते प्रतीवर. जेपीईजी फाइल बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी माहिती गळते, म्हणून काम करताना टिफ किंवा पीएनजी बरी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो लहान होऊन जातो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

मग फोटो सरळ करणं, नंतर क्रॉप. पण कात्री अक्षरांच्या कडेला लावू नका. पानाच्या चारही कडा आणि थोडी जमीन दिसू द्या. समासात कोणी काय लिहून ठेवलंय सांगता येत नाही. रंगासाठी युक्ती सोपी आहे. फोटो काढतानाच पोथीशेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवायचा. नंतर व्हाइट बॅलन्स लावताना तो तुकडा पांढरा दिसला की झालं. पान पिवळं असेल तर पिवळंच राहू दे, त्याचं ते वय आहे. उजेड आणि कॉन्ट्रास्ट शाई वाचता येईल इतकाच वाढवायचा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. बाकी शार्पन वगैरे चिमूटभर.

सकळ लिपीतली पोथी असेल तर ही काळजी दुप्पट. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर येतं, त्यामुळे पुढचामागचा शब्द पाहून अंदाज बांधता येत नाही. डाग समजून एखादा बिंदू पुसला, तर वाचणारा अडतो.

लीळाचरित्राची मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली, असं परंपरा सांगते. माझ्या नावाच्या माणसाने हे वाक्य अडखळत लिहावं अशी काहींची अपेक्षा असते. मी सरळ लिहितो. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ग्रंथ आठवणींतून पुन्हा उभा करताना पाठ वेगवेगळे झाले, तर पंथाने ते एकसारखे करून टाकले नाहीत. अमक्याची वासना, तमक्याची वासना, अशी नावानिशी नोंद करून ते जपले. फोटोच्या फाइलला नाव देताना मी हेच सांगेन: पोथी, पानाचा क्रमांक, पुढची बाजू की मागची, आणि प्रत असेल तर काय बदललं ते.

हे फक्त पोथीवाल्यांचं काम नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अशा दिवसांत कुठला तरी कापलेला, कुठल्या तरी जुन्या तारखेचा फोटो फिरायला लागतो आणि दोन्हीकडची शहाणी माणसं त्यावर विश्वास ठेवतात. ज्या मुलाने स्वतः क्रॉप करून पाहिलंय, तो अशा फोटोची चौकट बघून विचारतो, हिच्या बाहेर काय होतं? तारीख कुठली? मूळ कोणाकडे आहे?

आमच्या भागात बऱ्याच मुस्लिम घरांतही मोडीतले शेतीचे कागद, उर्दूतले निकाहनामे ट्रंकेत पडून आहेत. त्यांचे फोटो काढताना हीच पद्धत वापरा. आणि घडी पडलेला कागद उलगडताना जोर लावू नका, तो घडीवरच फाटतो.