विश्लेषण : गेमिंग चॅनेल मुलांसाठी योग्य आहे का? पालकांनी कसे ओळखावे?

शाळेतून आलेले आठ-नऊ वर्षांचे मूल मोबाइल घेऊन बसते, पण गेम खेळत नाही. दुसरा कुणी गेम खेळत असतो, ते पाहत राहते. पालक विचारतात, ‘कोणता गेम आहे?’ ‘माइनक्राफ्ट’ असे उत्तर आले की ते निर्धास्त होतात आणि ‘जीटीए’ म्हटले की मोबाइल काढून घेतात. मात्र, केवळ गेमच्या नावावरून चॅनेलची पारख होत नाही.

गेमचे वयोमानांकन पुरेसे का नाही?

माइनक्राफ्टला युरोपातील ‘पेगी’ने ७ वर्षांवरील, तर अमेरिकेतील ‘ईएसआरबी’ने १० वर्षांवरील मुलांसाठीचे मानांकन दिले आहे. ‘जीटीए ५’साठी हीच वयोमर्यादा अनुक्रमे १८ आणि १७ आहे. हिंसा, भाषा, जुगार अशा गेममधील बाबी पाहून ही मानांकने दिली जातात. गेम खेळता खेळता निवेदक काय बोलतो, हे त्यात येत नाही. त्यामुळे माइनक्राफ्टच्या व्हिडीओतही शिव्यांचा भडिमार असू शकतो. उलट, जीटीएच्या एखाद्या व्हिडीओत केवळ गाडी चालवून विनोद केलेले असतात. तरीही प्रौढांसाठीच्या गेमचे व्हिडीओ लहान मुलांना दाखवू नयेत, हेच बरे. कारण पुढच्या भागात काय असेल, याची खात्री नसते.

भारतात ओटीटीवरील मालिका-चित्रपटांना २०२१च्या नियमांनुसार ७, १३, १६ वर्षांवरील असे वर्गीकरण द्यावे लागते. सर्वसामान्य वापरकर्ते यूट्यूबवर टाकत असलेल्या व्हिडीओंना ते लागू नाही.

‘मुलांसाठी बनवलेले’ ही खूण काय सांगते?

मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याप्रकरणी गूगल आणि यूट्यूबला २०१९ मध्ये अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून व्हिडीओ मुलांसाठी आहे की नाही, हे निर्मात्याला जाहीर करावे लागते. अशा व्हिडीओवर वैयक्तिक माहितीच्या आधारे जाहिराती दाखवल्या जात नाहीत आणि प्रतिक्रियाही बंद असतात. म्हणजेच ही खूण मुख्यतः माहिती आणि जाहिरातींशी संबंधित आहे. ती दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. ती नसलेली अनेक चॅनेलही मुलांना दाखवण्याजोगी असतात.

नेमके काय तपासावे?

चॅनेलवरील सर्वात नवा, सर्वाधिक पाहिलेला आणि एक थेट प्रक्षेपणाचा, असे तीन व्हिडीओ निवडावेत. प्रत्येकी दहा मिनिटे पडद्याकडे न पाहता फक्त ऐकावेत. डाव हरल्यावर निवेदक काय बोलतो? सहखेळाडूची, मुलींची, एखाद्या जातीची वा प्रांताची टिंगल करतो का? संपादित व्हिडीओत जे गाळले जाते, ते थेट प्रक्षेपणात ऐकू येते. तिथल्या चॅटमध्ये अनोळखी लोक काय लिहितात, तेही पाहावे.

दुसरी तपासणी पैशांची. ‘स्किन’, ‘डायमंड’ विकत घेण्याचा आग्रह सतत होतो का? ‘मोफत डायमंड’चे आमिष दाखवून खात्याचा पासवर्ड मागणारे दुवे व्हिडीओखाली आहेत का? टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवरील गटात येण्याचे आवाहन असेल तर विशेष सावध राहावे, कारण तिथले संभाषण पालकांच्या नजरेआड होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातींवर भारतात २०२५च्या कायद्याने बंदी घातली आहे. चॅनेलवर अशी जाहिरात दिसल्यास ते चॅनेल बाद करायला तेवढे कारण पुरे.

चॅनेल चांगले असले तरी धोका कुठे?

धोका पुढच्या व्हिडीओत असतो. ‘टेक ट्रान्स्परन्सी प्रोजेक्ट’ या अमेरिकी संस्थेने ९ आणि १४ वर्षांच्या गेमप्रेमी मुलांची म्हणून खाती उघडून पाहिली. सुचवलेल्या व्हिडीओंवर क्लिक करणाऱ्या खात्यांना खऱ्या बंदुकांचे आणि गोळीबाराचे व्हिडीओ मोठ्या संख्येने सुचवले गेल्याचे संस्थेने २०२३ मध्ये सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२५ पासून यूट्यूबने गेममधील क्रूर हिंसेच्या आणखी काही व्हिडीओंवर वयाची अट घातली. ऑटोप्ले बंद ठेवणे हा यावरचा सोपा, पण अपुरा उपाय आहे.

कायद्याचा आधार किती?

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना यूट्यूबसह प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. मात्र, हे सारे खात्याच्या वयावर अवलंबून आहे. आपल्याकडे अनेक घरांत मूल आईच्या किंवा बाबांच्याच फोनवर, त्यांच्याच खात्यातून व्हिडीओ पाहते. यूट्यूबच्या लेखी पडद्यासमोर पस्तिशीची व्यक्ती असते. त्यामुळे वयाची अट, जाहिरातींवरील बंधन यांपैकी बरेचसे संरक्षण त्या मुलापर्यंत पोहोचतच नाही.

मग करायचे काय?

पहिले पाऊल म्हणजे मुलासाठी वेगळी व्यवस्था. लहान मुलांसाठी ‘यूट्यूब किड्स’मध्ये पालकांनी मंजूर केलेलेच व्हिडीओ दिसतील, अशी सोय आहे. थोड्या मोठ्यांसाठी पालकांच्या देखरेखीखालील खाते उघडता येते. त्यानंतर अधूनमधून मुलाशेजारी बसून व्हिडीओ पाहावा आणि ‘हा असे का बोलला?’ असे त्यालाच विचारावे. थेट बंदी घातली तर मूल तेच चॅनेल मित्राच्या फोनवर पाहील आणि खटकलेली गोष्ट घरी सांगणार नाही.

शिवाय एकदा दिलेली परवानगी कायमची समजू नये. काल घरे बांधून दाखवणारा निवेदक जास्त प्रेक्षकांसाठी उद्या बंदुकांच्या गेमकडे वळू शकतो. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी त्या चॅनेलचे नवे व्हिडीओ पुन्हा तपासावेत.