परक्या दारी ठेवलेले मूल

भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली, की पेण व रोहा या दोन तालुक्यांतील डोंगरकडेच्या वाड्या ओस पडू लागतात. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची आणि कोळसाभट्ट्यांची वाट धरतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मालकाकडून घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडावयाची असते. मूल बरोबर न्यावे तर शाळा बुडते. मागे ठेवावे तर ते आजीच्या, मावशीच्या किंवा शेजाऱ्याच्या दारी राहते. काही मुले याहून दूर, एकटीच जातात. कोणाच्या घरी पोर सांभाळावयास, कोणाच्या हॉटेलात कपबशा विसळावयास. रोहा स्थानकावर पनवेलकडून येणारा मार्ग संपतो व कोकण रेल्वे सुरू होते. त्या फलाटावर पिशवी उराशी धरून एकटे बसलेले मूल दिसले, तर त्याला "बाळ, तुझे कोण आहे?" असे विचारणारा किती जणांत एक निघेल?

हा प्रश्न केवळ कातकऱ्यांचा आहे असे समजून आमच्या वाचकांनी पान उलटू नये. शिक्षणासाठी म्हणून मुलाला मुंबईस काकाच्या खोलीत ठेवणे, बहिणीच्या बाळंतपणात मदतीला म्हणून भाचीला धाडणे, हे आपल्या घरांतूनही होत आले आहे. त्यात पाप नाही. गरिबाला गरिबानेच आसरा दिला म्हणून कित्येक मुले शिकली. परंतु 'नात्यातले आहे, चार घास खाऊन राहील' एवढे म्हटले म्हणजे आपली जबाबदारी संपली काय? मूल शाळेत जाते की नाही, आजारी पडले तर त्याला दवाखान्यात कोण नेते, रात्री ते कोठे निजते, हे परत जाऊन कोणी पाहिले आहे काय?

न पाहिल्याचा परिणाम काय होतो, हे २०२२ साली महाराष्ट्राने पाहिले. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबावयास दिली गेल्याचे उघडकीस आले. ते उघडकीस आले, कारण त्यांतील सुमारे दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी ही गोष्ट घडली. उपाशी आईबापांवर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते खरा दोष हा, की ती मुले घरातून गेल्यानंतर ती कोठे आहेत व कशी आहेत हे विचारणारे कोणीही नव्हते.

सांभाळणारा आणि राबवून घेणारा यांच्यात भेद कसा ओळखावा? दोघेही मुलाला जेवू घालतात, दोघेही 'घरच्यासारखेच ठेवले आहे' असे सांगतात. भेद एवढाच, की एकाच्या दारी कोणीतरी चौकशीला येते व त्याला उत्तर द्यावे लागते. दुसऱ्याच्या दारी कोणी येत नाही. ही चौकशी करणे, तिची नोंद ठेवणे आणि पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे, हेच समाजकार्यकर्त्याचे काम होय.

२०१५ सालच्या बाल न्याय कायद्याने या कामाला अधिष्ठान दिले आहे. निराधार किंवा पालकांपासून दुरावलेले मूल आढळले, तर चोवीस तासांच्या आत ते कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर केल्यावर त्याच्या परिस्थितीचा सामाजिक तपास पंधरा दिवसांत पुरा व्हावयाचा असतो व अंतिम आदेश चार महिन्यांत निघावयाचा असतो. मूल परक्या कुटुंबात संगोपनासाठी दिले, तर त्या घराची पाहणी दरमहा झाली पाहिजे. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे.

आता रोह्याच्या एखाद्या वाडीवरील म्हातारीचे उदाहरण कल्पून पाहू. मुलगा व सून भट्टीवर, दोन नातवंडे तिच्यापाशी. कार्यकर्त्याने तेथे जाऊन काय करावे? मुलांशी म्हातारीच्या अपरोक्ष बोलावे. आईबाप कोणत्या भट्टीवर आहेत, त्यांचा दूरध्वनी लागतो काय, हे लिहून घ्यावे. गुरुजींना हजेरी विचारावी. जन्माचा दाखला व बँकेचे खाते यांसाठी म्हातारीस तालुक्याच्या खेपा पडून तिची मजुरी बुडू नये, अशी व्यवस्था करावी. आणि महिन्याने पुन्हा जावे. पहिल्या भेटीत मूल खरे सांगत नाही. तिसऱ्या भेटीत सांगते.

अशा म्हातारीस आधार हवा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून प्रायोजकत्वासाठी दरमहा ४००० रुपये ठरले आहेत. परंतु कायद्याच्या ४५व्या कलमात ज्या कारणांचा उल्लेख आहे ती अशी : आई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असणे, अनाथ मूल नातलगांकडे असणे, आईबाप जीवघेण्या आजाराने किंवा अपघाताने असमर्थ होणे. आईबाप जिवंत, धडधाकट, पण उचलीपायी अर्धे वर्ष भट्टीला बांधलेले, या स्थितीचे नाव तेथे नाही. मात्र ती यादी 'यांचा समावेश असेल' अशा शब्दांत आहे. दार बंद केलेले नाही. ते उघडावयाचे तर कार्यकर्त्याचा अहवाल नेटका हवा आणि शासनाने हंगामी स्थलांतर हे कारण स्पष्ट शब्दांत मान्य करावे, अशी आमची मागणी आहे.

काही बांधव म्हणतील, 'आमच्या घरात चौकशीला माणूस कशाला? आमच्यावर विश्वास नाही काय?' त्यांना आमचे सांगणे असे : नोंद ही चांगल्या पालकाची ढाल आहे. उद्या कोणी आळ घेतला, कोणी मूल पळविल्याचा आरोप केला, तर तीच नोंद त्याच्या बाजूने बोलेल. जो चौकशीला भितो, त्याच्या घरी मूल ठेवण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आपल्या परंपरेला ही शिस्त परकी नाही. राहुलाला संघात घेतले गेले तेव्हा वृद्ध शुद्धोदनाला दुःख झाले, आणि त्याच्या विनंतीवरून आईबापांच्या संमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे मानावे, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करावी, असेही विनयात आहे. घर सोडून आलेल्या मुलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे दयेवर सोडला नाही; नियमाने बांधला. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली तिचे वसतिगृह सोलापुरास निघाले, तेव्हा आपल्याच समाजाची मुले घर सोडून परक्या गावी शिकावयास आली. त्यांना निवारा मिळाला. तो कोणाची भांडी घासण्याच्या बदल्यात नव्हे.

यास्तव पेण-रोह्याच्या बांधवांनी चार गोष्टी कराव्यात. आपले मूल कोठेही पाठविताना पत्ता, शाळा व परतीचा दिवस लिहून ठेवावा आणि ग्राम बाल संरक्षण समितीस कळवावे. परक्याचे मूल आपल्या घरी आले तर प्रथम त्याचे नाव शाळेत घालावे. दाखला उशिरा आला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. फलाटावर, धाब्यावर, भट्टीवर एकटे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. आणि शेजारच्या कातकरी वाडीवरील मुलाला आपल्या मुलाहून वेगळे मोजू नये. उद्या तालुक्याला जाल तेव्हा वाटेतल्या वाडीवर थांबून एवढेच विचारा : भट्टीवर कोण गेले, आणि त्यांची मुले कोणापाशी आहेत? उत्तर लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.