मदतनीस हाही उपचारच

मणक्याला इजा होऊन कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाची प्रकृती दवाखान्यापेक्षा घरातच जास्त ठरते. संवेदना नसल्याने एकाच जागी दाब पडत राहतो आणि कातडीवर जखमा होतात, म्हणून अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. लघवीसाठी नळी वेळेवर आणि स्वच्छ हातांनी घालावी लागते. यात हयगय झाली की या जखमा (बेडसोर) हाडापर्यंत पोचतात, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. अशा वेळी शस्त्रक्रिया कितीही चांगली झालेली असली तरी ती वाया जाते. म्हणून मदतनिसाचा पगार हा आरोग्यावरचाच खर्च मानला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण त्याच कलमात सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घातलेली आहे, आणि सगळं तिथेच अडतं. केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन महिना 300 रुपये, म्हणजे दिवसाला 10. तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांनाच.

‘घरचे करतातच की,’ असं यावर म्हटलं जातं. करतात, आणि बहुतेक घरांत ते आईच करते. साठीतल्या बाईने तरण्या मुलाला रोज उचलायचं, तर तिची कंबर किती वर्षं टिकेल? शिवाय आंघोळ कधी, बाहेर कधी, हे त्या मुलाला इतरांच्या सवडीनेच ठरवावं लागतं. मदतनीस असतील तर हे बदलतं. पोलिओने मानेखालचं अंग निकामी झालेले एड रॉबर्ट्स रात्री लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या यंत्रात, झोपत, मदतनिसांच्या आधारावर बर्कलेच्या विद्यापीठात शिकले आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाचे प्रमुख झाले. मदत घेणारा माणूस परावलंबीच असतो, हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा ठरवला. पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे, तो मी झटकणार नाही. पण भत्ता सरसकट सगळ्यांना द्या, असं कुणी म्हणत नाही. कुणाला किती आधार लागतो हे तपासण्याची तरतूद कायद्यातच आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’मधून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना महिना 600 रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण काळजी घेणं हे काम म्हणून मोजलं तरी गेलं. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने येत्या अर्थसंकल्पात मदतनीस भत्त्याचं वेगळं लेखाशीर्ष मागावं, आणि आपण वाचकांनी आपापल्या आमदारांना त्याबद्दल विचारावं.