त्रिपुरीचे दिवे आणि पंचगंगेचे पाणी

कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर हजारो पणत्या उजळतात. मावळतीकडे झुकलेला पूर्ण चंद्र, दगडी पायऱ्यांवरून उतरत गेलेल्या दिव्यांच्या ओळी आणि पाण्यात पडलेले दोहोंचे प्रतिबिंब पाहण्यासाठी थंडीवाऱ्याची पर्वा न करता माणसे लेकराबाळांसह येतात. या दृश्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत.

पहिली रीत नदीला माता म्हणून ओवाळण्याची आणि तिच्या पोटात काय ओतले जाते याकडे पाठ फिरवण्याची. दुसरी रीत काही पुरोगामी कार्यकर्त्यांची. पौर्णिमा, घाट, दिवे म्हटले की हे गृहस्थ ‘अंधश्रद्धा’ एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होतात. पहिला वर्ग नदी विकू देतो; दुसरा वर्ग नदीकाठची माणसे पहिल्याच्या हवाली करतो.

या पौर्णिमेचा अर्थ तरी काय? या सुमारास पूर्ण चंद्र कृत्तिका नक्षत्राजवळ असतो, म्हणून हा महिना कार्तिक. छापील पंचांग घरोघर पोहोचण्यापूर्वी शेतकऱ्याला आकाशातला हा चंद्रच महिना सांगत असे. पावसाळा सरलेला, खरिपाचे पीक हाती येत असलेले, नदीचे गढूळ पाणी निवळलेले, अशा वेळी नदीकाठी दिवा लावणे ही मुळात कृतज्ञता होय. तिच्यावर हसण्याचा अधिकार कोणाही समाजवाद्याला नाही. साने गुरुजींनी १९४७ साली चंद्रभागेकाठी प्राण पणाला लावले ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून. श्रद्धेची जागा सर्वांची झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सार्वजनिक पाण्यावरील समान हक्काचा प्रश्न कायमचा ऐरणीवर आला. आज पंचगंगेचे पाणी सर्वांना खुले आहे. मात्र ते ओंजळीत घेण्याजोगे उरलेले नाही. हक्क मिळावा आणि वस्तूच नाहीशी व्हावी, असा हा प्रकार आहे.

ही वस्तू नाहीशी कोणी केली? शहरांचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी यांनी. योगायोग असा की त्रिपुरीच्या सुमारासच उसाचे गाळप सुरू होते आणि त्याच वेळी नदीचा प्रवाह ओसरू लागतो. घाण वाढते, ती वाहून नेणारे पाणी घटते. पुढे नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथे दर पौर्णिमेला दत्तभक्तांची रीघ लागते आणि वरच्या अंगाने आलेले तेच पाणी भाविक तीर्थ म्हणून मस्तकी धारण करतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. त्यांत बंगल्यांत राहणारे किती आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतले किती, हे विचारण्याचीही गरज नाही.

अर्थशास्त्रात याला नाव आहे. कार्ल विल्यम काप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची मीमांसा केली. नफा कारखान्याच्या वहीत जमा होतो. खर्च कोणाच्याच वहीत न लिहिता नदीवर आणि नदीकाठच्या गरिबांच्या शरीरावर टाकला जातो. येथे एक कटू सत्य कबूल केले पाहिजे. हे कारखाने सगळेच भांडवलदारांचे नाहीत. त्यांत सहकारी आहेत, सभासद शेतकऱ्यांचे आहेत. ‘सहकार’ या शब्दाने पाणी शुद्ध होत नाही. नगरपालिका आणि महापालिका तर लोकांनीच निवडलेल्या असतात.

कायदा नाही, असेही नाही. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, १९७० साली मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. कायद्यात केंद्राच्याही आधी आणि घाणीत सर्वांत पुढे!

कारखाने बंद पडले तर कामगार उपाशी मरेल, असा धाक घातला जातो. मागणी कारखाने बंद करण्याची नाहीच. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च उत्पादनाचाच खर्च आहे. तो नफ्यातून भागवा, मजुरीतून नव्हे, एवढीच मागणी आहे. हा खर्च टाळला की काय होते, तेही दिसले आहे. इचलकरंजीसाठी दूधगंगेवरून सुळकूड योजनेने पाणी आणण्याचे ठरताच दूधगंगाकाठची गावे विरोधात उभी राहिली. एक नदी नासवणारे नामानिराळे राहिले आणि तहानलेले शहर व धास्तावलेली गावे एकमेकांसमोर आली.

त्रिपुरी पौर्णिमेची कथा येथे उपयोगी पडते. मयासुराने सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन पुरे बांधली. ती अंतराळात फिरत राहत, म्हणून कोणाच्याच हाती लागत नसत. तिन्ही एका रेषेत आली त्या क्षणी शंकराने एकाच बाणाने त्यांचा नाश केला. पंचगंगेचे गुन्हेगारही असेच फिरते आहेत. कारखाना नगरपालिकेकडे बोट दाखवतो, नगरपालिका सरकारकडे, सरकार कारखान्याकडे. त्यांना एका रेषेत आणणे हेच राजकीय काम होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या त्रिपुरीला घाटाकडे पाठ फिरवू नये. पणती लावणाऱ्या बायाबापड्यांच्या शेजारी उभे राहावे आणि एकच मागणी लावून धरावी : दर पौर्णिमेला नदीच्या पाण्याची तपासणी व्हावी आणि कोणी किती घाण सोडली याचा फलक नावानिशी घाटावर लागावा. चांदण्यात तो फलक वाचता येत नसेल, तर पणत्या आहेतच.