शादलूवर सव्वादोन कोटी. पण चढाईचे काय?

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाच्या लिलावात गुजरात जायंट्सने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी २३ लाख रुपये मोजले. गतहंगामात बारा संघांत अकराव्या राहिलेल्या संघाने पाच कोटींच्या मर्यादेतील जवळपास ४५ टक्के रक्कम एका डाव्या कोपरारक्षकावर लावली. बारडोली-सुरतेकडील मराठी कबड्डीप्रेमी यावर सुखावतील. निर्धास्त मात्र होऊ नये.

शादलूच्या कुवतीविषयी वाद नाही. दहाव्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले आणि पुणेरी पलटण विजेती ठरली. पुढील हंगामात हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासह करंडक उंचावला. पण पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत यांची चढाई होती. प्रतिस्पर्ध्याच्या दोन चढाया रिकाम्या परतवून तिसरीत त्याला कोंडण्याचा डाव आपले चढाईपटू आघाडी राखून असले, तरच फळतो.

गुजरातला हे नवे नाही. २०१७ मध्ये फझल अत्राचली व अबोझर मिघानी या इराणी कोपरारक्षकांच्या बळावर हा संघ अंतिम फेरी गाठून पाटण्याकडून ३८-५५ असा हरला. शादलूची निवड योग्यच. उरलेल्या पैशांत भरवशाचा चढाईपटू मिळाला नाही, तर ती महागात पडेल.