चेहरा झाकलेली सेवा

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं वर्ष दोन आठवड्यांभोवती फिरतं. पहिला ‘सेमाना सांता’, म्हणजे ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा. दुसरा ‘फेरिया दे आब्रिल’, म्हणजे एप्रिलची जत्रा. दोन्हींत साधारण पंधरा दिवसांचं अंतर. ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून, त्यामुळे आपल्या ईदसारख्याच याच्याही तारखा दरवर्षी हलतात. 2023 साली पवित्र आठवडा रमजानमध्ये आला आणि जत्रा ईदला लागून आली. आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिथे राहतो. ‘दोन्ही बघूनच जा’ असा त्याचा आग्रह. आम्ही रजा काढली, मुलांच्या शाळेची परवानगी घेतली आणि रोजे ठेवत ठेवत हे सगळं पाहिलं.

सेव्हिल आपल्याला अगदीच परकं नाही. अरबांचं हे इशबिलिया. शहरातून वाहणाऱ्या ग्वादालकिवीर नदीचं नाव ‘अल्-वादी अल्-कबीर’ म्हणजे ‘मोठी नदी’ यावरून आलं. मुवाहिदीन सुलतानांनी 1172 मध्ये इथे जामा मशीद बांधायला घेतली आणि 1198 मध्ये तिचा मिनार पुरा झाला. 1248 मध्ये राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. पुढे 1401 मध्ये ती पाडून त्या जागी कॅथेड्रल बांधायचं ठरलं. मिनार मात्र राहिला. सोळाव्या शतकात त्याच्यावर घंटाघर चढवलं. आज त्याला ‘हिराल्दा’ म्हणतात. वर जायला आत उतार आहेत. मुअज्जिनला घोड्यावरून जाता यावं म्हणून ते केले, असं सांगतात. मशिदीचं अंगणही आहे, त्यात आता संत्र्यांची झाडं आहेत. पवित्र आठवड्यातली प्रत्येक मोठी मिरवणूक आपल्या मोहल्ल्यातल्या चर्चमधून निघते, या कॅथेड्रलमधून जाते आणि परत फिरते.

नववीतल्या आमच्या मुलाने त्या अंगणातच विचारलं, “आपली मशीद त्यांनी घेतली. मग त्यांची मिरवणूक आपण का बघायची?”

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. याच शहरात 1481 मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने पहिल्या जाहीर शिक्षा दिल्या. 1609 पासून पुढच्या पाच वर्षांत मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढलं. हे सगळं आम्ही त्याला सांगितलं. इतिहास विसरायचा नाही, पण आज रस्त्यावर मेणबत्ती घेऊन चालणाऱ्या माणसाने यातलं काहीच केलेलं नाही. आपण पाहुणे आहोत. त्यांच्या इबादतीत सामील व्हायचं नाही आणि तिला हसायचंही नाही. आपला अकीदा आपल्याजवळ पक्का आहे. उभं राहून नीट बघायचं आणि घेण्यासारखं काही असेल तर घ्यायचं.

घेण्यासारखं निघालं, म्हणूनच हे लिहीत आहोत.

सेव्हिलमध्ये साठच्या आसपास बंधुमंडळं या मिरवणुका काढतात. मंडळाचे सदस्य पायघोळ झगा घालतात आणि डोक्यावर उंच, टोकदार टोपी. तिचं कापड चेहऱ्यावरून छातीपर्यंत येतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. त्यांना ‘नाझारेनो’ म्हणतात. अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या टोळीने असाच पोशाख घातल्यामुळे पहिल्यांदा पाहणारा दचकतो. पण सेव्हिलची ही रीत त्या टोळीच्या कितीतरी आधीची, आणि अर्थही उलटा. हा तौबा करणाऱ्याचा पोशाख आहे. गुन्हा आपला, पश्चात्ताप आपला, तो देवाला कळला म्हणजे पुरे, शेजाऱ्याला कळायचं कारण नाही, म्हणून चेहरा झाकायचा. नाझारेनोने घरून चर्चला जातानाही चेहरा झाकून, जवळच्या रस्त्याने, कोणाशी न बोलता जावं असा बहुतेक मंडळांचा नियम आहे. झग्याच्या आत डॉक्टर आहे की भाजीवाला, बघणाऱ्याला कळत नाही. पुरुष की बाई हेही कळत नाही. काही मंडळं पूर्वी बायकांना नाझारेनो होऊ देत नसत. 2011 मध्ये आर्चबिशपांच्या आदेशाने ती अट सगळीकडे संपली.

मूर्ती ज्या लाकडी चबुतऱ्यावर असतात तो टनाहून जड असतो. तो खाली शिरलेली माणसं मानेवर पेलतात. त्यांना ‘कोस्तालेरो’ म्हणतात. चबुतऱ्याच्या चारी बाजूंना झालर असते, त्यामुळे बाहेरून फक्त पावलं दिसतात. आतल्यांना रस्ता दिसत नाही. पुढे चालणारा मुकादम दारावरच्या कडीसारखी धातूची कडी ठोकतो आणि तोंडाने सांगतो तसं ते चालतात. पूर्वी हे काम गोदीतले हमाल मजुरीवर करत. 1973 मध्ये विद्यार्थ्यांच्या मंडळाने प्रथम आपल्याच सदस्यांना खाली उभं केलं, आणि हळूहळू तीच रीत झाली. आता तासन् तास ओझं वाहायचे पैसे मिळत नाहीत, नावही पुकारलं जात नाही, तरी जागा मिळवायला तरुण धडपडतात.

गुरुवारी सूर्य मावळला तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. आम्ही फुटपाथवरच खजूर आणि पाण्याने इफ्तार केला. त्या रात्रीतून शुक्रवारच्या सकाळपर्यंत सहा मंडळं निघतात. त्यातलं एक ‘एल सिलेन्सियो’, म्हणजे शांतता. ते येताच एवढ्या गर्दीत कोणी बोलेना. फक्त पावलांचा आवाज. चौथीतली आमची मुलगी इतर मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इथली मुलं नाझारेनोकडे मेण मागतात. तो मेणबत्ती वाकवतो, मुलं गरम थेंब गोळ्यावर झेलतात आणि दरवर्षी तो गोळा वाढवत नेतात. एका मंडळातल्या नाझारेनोने तिच्यासाठीही मेणबत्ती वाकवली. ती चाचूंना म्हणाली, “त्यांना शुक्रिया कसं म्हणू? ते कोण आहेत तेच कळत नाही.”

चाचू म्हणाले, “म्हणूनच तर झाकलंय, बेटा.”

दोन आठवड्यांनी, ईदच्या दुसऱ्या रात्री, हेच शहर अगदी वेगळं दिसलं. ही जत्रा 1847 मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. मागणी करणारे दोघे नगरसेवक बाहेरचेच, एक बास्क आणि एक कातालान. गुरं गेली, जत्रा राहिली. 1973 पासून ती लोस रेमेदिओस भागात भरते. मध्यरात्री कमानीचे दिवे लागतात. हजाराहून जास्त तंबू, त्यांना ‘कासेता’ म्हणतात. दिवसा घोडागाड्या. बायका झालरींच्या, ठिपक्याठिपक्यांच्या पोशाखात. हा पोशाख मूळ बाजारात येणाऱ्या जिप्सी आणि शेतकरी बायकांचा. पवित्र आठवड्यात चेहरा झाकणारं शहर इथे नटूनथटून दिसायलाच येतं.

बहुतेक कासेता खासगी असतात आणि दारात माणूस उभा असतो. ओळख असेल तरच आत. भावाच्या शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या कासेतात बोलावलं. टेबलावर शेरी आणि डुकराचं मांस होतं. आम्ही ते घेत नाही, एवढं भावाने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुकाट्याने आमच्या बाजूला तळलेली मासळी, ऑलिव्ह आणि संत्र्याचा रस मांडला. कोणी कारण विचारलं नाही.

ते शेजारी ताट ठेवायला वाकले तेव्हा त्यांच्या मानेवर, कॉलरच्या आत, गाठीसारखा सुजलेला भाग दिसला. भाऊ हळूच म्हणाला, “कोस्तालेरो आहेत. मलाही तीन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.” आमच्या मुलाने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्यांना विचारलंच. ते हसले, त्याच्या ताटात आणखी मासळी वाढली आणि नाचायला निघून गेले.

त्या शहरात दिखावा नाही असं कोण म्हणेल? जत्रेत तर तो मनसोक्त होता. पण कुठे दिसायचं आणि कुठे लपायचं, याची खूणगाठ त्या गृहस्थांनी पक्की बांधलेली होती.

डाव्या हातालाही कळू नये असं उजव्या हाताने द्यावं, ही शिकवण आपल्या हदीसमध्ये आहे, ख्रिस्ती लोकांच्या इंजीलमध्येही आहे. दोन्हीकडे ती जुनी आहे आणि दोन्हीकडे पाळायला अवघड आहे. आपल्याकडे अलीकडे काय चाललं आहे ते वाचक जाणतात. रमजानमध्ये रेशनची पिशवी देताना घेणाऱ्या बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. शिष्यवृत्तीचा चेक घेताना विद्यार्थ्याला पाहुण्यांच्या रांगेसमोर उभं करतात. वर्गात बसणारी ही मुलं आम्ही रोज बघतो. फोटो मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला की दुसऱ्या दिवशी मूल मधल्या सुट्टीत बाहेर पडत नाही. देणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून घेणाऱ्याचा चेहरा उघडा पडतो.

हिशेब ठेवावा, पावती द्यावी, जमातीला आकडे सांगावेत. विश्वासासाठी ते हवंच. पण त्यासाठी गरजूचा फोटो लागत नाही. येत्या रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यातल्या कमिटीला एवढं सांगून बघा: पिशव्या रात्री दारात ठेवा, आणि मोबाइल खिशात ठेवा. इन्शाअल्लाह, ज्याला कळायला हवं त्याला कळेल.