नाण्याचे गाव

प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या सज्जांसकट रोमच्या कोलोसियमचे चित्र ज्यावर उठवले आहे असे सम्राट टायटसच्या कारकीर्दीतील, इ. स. 80–81 मधील, मोठे सेस्टर्शियस नाणे, किंवा चौथ्या-पाचव्या शतकांतील ती उंच कडेची कांस्यपदके, ज्यांवर ग्लॅडिएटर, श्वापदांशी झुंजणारे शिकारी आणि रथांच्या शर्यती उमटलेल्या दिसतात, यांच्या मोहाने जगभरचे संग्राहक झपाटलेले असतात. त्या वेडाविषयी मला आदरच आहे. कारण ज्या ग्लॅडिएटरांपैकी बहुसंख्य गुलाम वा युद्धकैदी होते, त्यांच्या झुंजीची स्मृती सम्राटांच्या मुखवट्यांइतकीच त्या धातूने सांभाळली. तरीही लिलावाची यादी वाचताना मन खट्टू होते. तीत वजन असते, व्यास असतो, सम्राटाचे नाव असते; परंतु ते नाणे कोणत्या शेतात, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या नाण्यांच्या सोबतीने सापडले, याची नोंद बहुधा नसते.

शिर्डीकराला ही उणीव विशेष जाणवावी. 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, देह ठेवण्यापूर्वी साईबाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले, हे साईसच्चरिताच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या काळी तसले रुपये सर्वत्र चलनात होते. पण या नवांचे मोल कोणी चांदीच्या भावाने केले नाही, कारण ते कोणी, कोणाला आणि कोणत्या घडीला दिले याची आठवण त्यांना चिकटलेली आहे.

शिर्डीजवळच्या पुणतांब्याकडे वाहत येणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला, दारणेच्या संगमापाशी, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी हे गाव आहे. तेथे 1906 साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला, आणि रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून वृत्तांत प्रसिद्ध केला. या नाण्यांवरचा राजमुखवटा पाश्चात्त्य वळणाचा आहे, मजकूर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिप्यांत आहे, आणि नहपानाच्या टांकसाळीत रोमन चांदी वितळली असावी असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली पर्वताची आणि उज्जयिनीची चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नहपानाचा क्षहरात वंश गौतमीपुत्राने निर्मूल केला असे जे नाशिकच्या पांडवलेण्यांतील, त्याची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखात कोरलेले आहे, त्याला धातूचा असा भरभक्कम पुरावा मिळाला. हीच नाणी सुटीसुटी होऊन सराफांच्या मुशीत गेली असती, किंवा दूरदूरच्या पेढ्यांवर एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येक नाणे केवळ ‘दुहेरी ठशाने बिघडलेले’ ठरले असते. राज्य पालटल्याची साक्ष सबंध निधीने दिली. एकट्यादुकट्या नाण्याच्या अंगी ते सामर्थ्य नव्हते.

रोमशी आपला संबंध शोधू पाहणाऱ्याने आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठच्या नेवाशाला जावे. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1954 ते 1956 या काळात तेथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीच्या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे निघाली. मला त्या खापरांचे अप्रूप कोणत्याही देखण्या नाण्यापेक्षा अधिक वाटते, कारण त्यांचा थर, त्यांची सोबत आणि त्यांचे गाव ही तिन्ही आपल्याला ठाऊक आहेत. दायमाबादला 1974 मध्ये एका ग्रामस्थाला सापडलेला कांस्याचा रथ आणि त्यासोबतचे हत्ती, गेंडा व रेडा हेही ठिकाणासकट नोंदले गेले, म्हणूनच त्यांच्या काळाविषयी विद्वानांना आजही साधार वाद घालता येतो.

रोमन कांस्य हौसेने जमवणाऱ्याने ते खुशाल जमवावे. मात्र ज्याच्या मागे कागद नाही ते घेऊ नये, आणि जे घेतले त्याच्या प्राप्तीची हकीकत स्वतंत्र वहीत लिहून ठेवावी. गोदा-प्रवरेच्या खोऱ्यातील शेतकरी बांधवांना माझी विनंती याहून निकडीची आहे. नांगराच्या फाळाला हिरवे पडलेले नाणे लागले, तर ते चिंचेने घासून लखलखीत करू नका, मोडीत घालू नका, आणि भांड्यातली नाणी वाटूनही घेऊ नका. दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी द्यावी, असे 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. तेव्हा आपल्या तहसील कचेरीत जा, आणि नाणे ज्या जागी मिळाले त्या जागेचा गट क्रमांक प्रथम लिहून द्या.